अण्णांच्या घड्याळाची तबकडी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. एरवी "मावशी, कशी आहेस, गुडघा काय म्हणतो" अशी सुरुवात करणारा हा मुलगा त्या दिवशी थेट मुद्द्यावर आला.

"मावशी, आजोबांच्या घड्याळाची तबकडी मूळचीच आहे ना गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे डायल. कंपनीतून आली तीच आहे, की मध्ये कधी रंगवून घेतली होती? आता तुझ्याशिवाय हे विचारणार कोणाला?"

खरंच आहे. अण्णांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, आई त्याआधीच गेली, ताई गेली. अण्णांच्या वस्तूंबद्दल काही विचारायचं तर मीच उरले आहे.

हा भाचा बँकेत नोकरीला. पण जुन्या मनगटी घड्याळांचा त्याला भारी नाद. २००७ सालापासून तो जुनी घड्याळं घेतो, साफ करतो, करवून घेतो आणि इंटरनेटवर विकतो. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं. जर्मनी, अमेरिका, जपान, एकदा तर फिनलंड. सुरुवातीला आम्ही सगळे हसायचो. आपल्याकडे जे घड्याळ जुनं म्हणून फेकतात, ते पैसे मोजून कोण मागवणार? पण मागवतात खरे. अण्णांची दोन घड्याळं ताईकडून त्याच्याकडे आली होती. एक निवृत्तीच्या वेळी घेतलेलं एचएमटी, जे अण्णांनी शेवटपर्यंत वापरलं. ते तो ठेवणार आहे. दुसरं त्याच्याही आधीचं, फेवर-ल्युबा. ते गेली चाळीस वर्षं डबीतच होतं. ते विकायचं असं आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं होतं. तेव्हा त्यात भावनेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो जर्मनीतल्या एका गृहस्थांचा. त्यांना घड्याळ पसंत होतं, फक्त तबकडी मूळची आहे का एवढंच त्यांना हवं होतं. मूळची असेल तर ते मागितलेली किंमत द्यायला तयार होते. नसेल तर नको.

"उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला. उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मग उद्यावर का ढकललं, ते शेवटी सांगते. आधी हे घड्याळ आलं कुठून आणि निघालं कुठे, ते सांगायला हवं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तह आणि लढाया मुलांकडून पाठ करून घेतल्या, पण घरच्या डबीतल्या घड्याळालाही इतिहास असतो हे काही कधी मनात आलं नव्हतं!

फेवर-ल्युबा ही स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावची पेढी. आपलं मूळ ती १७३७ सालापर्यंत मागे नेते. त्यांची माणसं १८६०च्या दशकात हिंदुस्थानात आली आणि मुंबईत त्यांचा जम बसला. तशीच दुसरी वेस्ट एंड वॉच कंपनी. घड्याळं स्विस, पण बाजार मुंबई-कलकत्त्याचा. त्यांच्या एका घड्याळाचं नावच मुळी 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या कारागिरांनी फौजेतल्या आपल्या माणसांसाठी घड्याळ करावं आणि त्यावर असं नाव घालावं, याची मला गंमत वाटते. म्हणजे जुन्या घड्याळांचा परदेशाशी चालणारा हा व्यवहार काही आज सुरू झालेला नाही. दीडशे वर्षांपूर्वी घड्याळं तिकडून इकडे आली, आता तीच इकडून तिकडे चालली आहेत.

अण्णा रेल्वेत होते. आम्ही गिरगावात राहायचो. १९०६ साली सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत 'मुंबई टाइम' म्हणून वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालू होती. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असे. रेल्वेची वेळ एक आणि गावाची वेळ दुसरी. अण्णा सांगायचे की त्या काळात कोणी वेळ सांगितली की "कुठली?" असं विचारावं लागे. अशा दिवसांत, १९५४ साली, त्यांनी कितीतरी महिने पैसे साठवून हे फेवर-ल्युबा घेतलं. रोज सकाळी देवपूजा झाली की ते घड्याळाला चावी द्यायचे. बोटांनी मोजून तेवढेच वेढे, एक जास्त नाही. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती.

त्या वेळी घड्याळ ही काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळे आयातीवर बंधनं आली. परदेशी घड्याळ सरळ मार्गानं मिळणं अवघड झालं. मग ते आडमार्गानं येऊ लागलं. साठ-सत्तरच्या दशकात मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून उतरणाऱ्या मालात सोन्याच्या बरोबरीनं घड्याळं असत. याला पुरावा हवा असेल तर १९६२चा कस्टम्स कायदा पाहा. त्यातल्या १२३व्या कलमात असं आहे की अधिकाऱ्यानं वाजवी संशयावरून काही ठरावीक वस्तू जप्त केल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे ज्याच्याकडे त्या सापडल्या त्यानं सिद्ध करायचं. एरवी कायद्यात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते, इथे उलटं. आणि त्या ठरावीक वस्तू कोणत्या, तर सोनं, आणि त्याच ओळीत घड्याळं! आजही ती त्या कलमात आहेत.

यावरचा सरकारी उपाय म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स. ही कंपनी १९५३ साली स्थापन झाली ती यंत्रं बनवण्यासाठी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं तिने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं माझ्या वयाच्या वाचकांना तोंडपाठ असतील. लग्नात जावयाला अंगठी आणि एचएमटी हा ठरलेला मान होता. माझ्या पहिल्या पगारातून साठवलेल्या पैशांतून मीही एक लहानसं घेतलं होतं. दुकानदाराकडे नाव नोंदवून वाट बघावी लागली होती आणि ते मिळालं त्या दिवशी मी वर्गात उगाचच चार वेळा मनगट वर करून वेळ पाहिली होती. :)

आता या सगळ्याचा तबकडीशी संबंध कसा, तर असा. नवं घड्याळ मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, परदेशी सुटे भाग येत नाहीत. मग हातातलं घड्याळ जगवणं एवढंच उरतं. त्यातून आपल्याकडे घड्याळजींची एक पिढी तयार झाली. दुकान कसलं, जिन्याखालची तीन फुटांची जागा. समोर काचेची पेटी, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात, तिसऱ्याची स्प्रिंग चौथ्यात. जे चाक मिळत नसे ते कानशीनं घासून बसवत. आणि आपल्या हवेनं जे पहिल्यांदा खराब होतं, ती तबकडी ते पुन्हा रंगवून घेत किंवा रंगवणाऱ्याकडे पाठवत. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते, मग तबकडीवर काळे-हिरवट डाग पडतात, अक्षरं सुटतात. अशी तबकडी काढायची, जुना रंग उतरवायचा, पितळ घासून घ्यायचं, नवा रंग द्यायचा. मग अक्षरं कोरलेल्या पत्र्यावर शाई लावून ती मऊ गादीनं उचलायची आणि तबकडीवर उमटवायची. गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत 'स्विस मेड' ही अक्षरं आणायची. हे काम करणाऱ्यांना कोणी कारागीर म्हणून शाल-श्रीफळ दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

अण्णांचं घड्याळ असंच रंगवलं गेलं. साल १९७४. मला ते पक्कं आठवतं, कारण त्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला होता, घरात काळजीचं वातावरण होतं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात घड्याळात पाणी गेलं. अण्णा पंधरा दिवस बिनघड्याळाचे, सारखे मोकळ्या मनगटाकडे बघायचे. मग घड्याळजीनं ते परत दिलं तेव्हा तबकडी कशी लख्ख! आई म्हणाली, "अगदी नवं दिसतंय हो!" मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते आणि फळ्यावरचं अक्षर वळणदार असावं याबद्दल फार काटेकोर होते. माझ्या नजरेला एवढं दिसलं की नावाची अक्षरं पूर्वीपेक्षा किंचित जाड झाली आहेत आणि खालचं 'स्विस मेड' डावीकडे जरासं कललं आहे. मी ते बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, "वेळ बरोबर दाखवतंय ना? मग झालं."

पुढे काळ फिरला. १९६९च्या नाताळात जपानच्या सायको कंपनीनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं होतं. चावी नाही, तेल नाही, आणि वेळ मात्र अचूक. त्या धक्क्यानं खुद्द स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यातल्या नोकऱ्या पंधरा वर्षांत सुमारे नव्वद हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर आल्या. आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या टिडको यांनी मिळून १९८४ साली टायटन काढली. नव्वदच्या दशकात चावीचं घड्याळ वापरणारा माणूस म्हणजे जुन्या वळणाचा, असं झालं. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. घरोघरची चावीची घड्याळं आधी डबीत गेली, मग माळ्यावर, मग जुन्या सामानाबरोबर बाहेर. मुंबईच्या चोर बाजारात त्यांचे ढीग लागले. आणि जे घड्याळजी ती दुरुस्त करत, त्यांच्या हातचं काम संपलं.

नेमकं याच वेळी इंटरनेट आलं. १९९५च्या सप्टेंबरात अमेरिकेत पियर ओमिद्यार या तरुणानं 'ऑक्शनवेब' नावाची जागा उघडली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून सांगतात ती काय, तर एक बिघडलेला लेझर पॉइंटर, चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला! बिघडलेल्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतं, फक्त दोघांची गाठ पडायला हवी, हे त्यातून कळलं. पण अनोळखी माणसाला आधी पैसे कसे पाठवायचे? त्यावर त्यांनी १९९६च्या फेब्रुवारीत तोड काढली. व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल जाहीर शेरा लिहायचा. म्हणजे आपल्या प्रगतिपुस्तकासारखंच. शेरा वाईट पडला की पुढचं गिऱ्हाईक येत नाही.

आपल्याकडे मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम सुरू झालं, ते २००४ साली ईबेनं घेतलं. भारतातलं ते दुकान २०१८ साली बंद झालं, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला इथून विकण्याचा रस्ता बंद झाला नाही. फोटो टाकायचे, वर्णन लिहायचं, पैसे पेपालवरून येतात, घड्याळ टपालानं जातं. भाच्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर कापूस, डब्या, कस्टम्सचे फॉर्म असा पसारा मी कित्येकदा पाहिला आहे. एक नियम तो कटाक्षानं पाळतो. शंभर वर्षांवरच्या घड्याळाला तो हात लावत नाही. १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्यानं तेवढ्या जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पणजोबांचं चेनवालं घड्याळ म्हणूनच घरात राहिलं आहे.

आता या गोष्टीतला अवघड भाग. रिकामे झालेले मुंबईचे घड्याळजी आणि दूरदेशीचं गिऱ्हाईक यांची इंटरनेटनं गाठ घालून दिली, आणि तबकड्या रंगवण्याच्या कलेला पुन्हा दिवस आले. पण कोणत्या तऱ्हेने? पूर्वी मालकाची खराब झालेली तबकडी होती तशी करून द्यायची असे. आता ढिगातलं एखादं यंत्र, दुसऱ्याची डबी, तिसऱ्याचे काटे घेऊन वर झगझगीत तबकडी बसवू लागले. नारिंगी, पोपटी, जांभळी, कारखान्यातून कधी निघालीच नाहीत असल्या रंगांची. कुठे फौजेचं चिन्ह, कुठे छोटी नकली वर्तुळं, ज्यांच्यावरचे काटे नुसते चित्रातले. आणि वर्णन काय? 'जुनं अस्सल स्विस घड्याळ, उत्तम स्थितीत.' वीस-पंचवीस डॉलरमध्ये स्विस घड्याळ मिळतंय म्हणून नवशिके ते घेत. पुढे जाणकार झाले की त्यांना कळे. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना नावच देऊन टाकलं, 'मुंबई स्पेशल'. नाव कौतुकाचं नाही. मुंबईहून विकायला आलं आहे एवढं दिसताच पुढे न वाचणारी माणसं आहेत, असं भाचा सांगतो. प्रामाणिकपणे विकणाऱ्यालाही तो डाग लागतो.

पहिल्यांदा त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मला राग आला होता. फसवणाऱ्यांचा आला, तसा त्या संग्राहकांचाही. ज्या हातांनी आमच्या टंचाईच्या दिवसांत घड्याळं जगवली, त्यांच्या कलेला तुम्ही शिवी करून टाकलीत? शिवाय तबकडी पुन्हा रंगवणं ही काही आपलीच रीत नव्हे. युरोप-अमेरिकेतले घड्याळजीही कित्येक वर्षं गिऱ्हाइकाची डागाळलेली तबकडी नवी करून देत, आणि गिऱ्हाईक खूष होऊन पैसे देई. डाग असलेली मूळ तबकडीच बरी, हे वेड अलीकडचं. घड्याळ ही वेळ बघायची वस्तू न राहता जमवायची वस्तू झाली, तेव्हापासूनचं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचं स्वतःचं रोलेक्स पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. तेवढ्या पैशांत वेळ काही जास्त बरोबर कळत नाही! ते पैसे दिले जातात ते त्या घड्याळाच्या आयुष्यात जे घडलं, ते तसंच राहिलं आहे याबद्दल.

आणि इथे मी जरा थांबले. कारण हेच तर मी वर्गात शिकवत आले होते.

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून त्यांनी अस्सल कागद का गोळा केले? बखरी तर होत्याच की. बखर वाचायला रसाळ, पण ती पुष्कळदा मागाहून लिहिलेली, त्यात नंतरचे रंग भरलेले. अस्सल कागद फाटका, वाळवीनं खाल्लेला असला तरी तो त्या वेळचा साक्षीदार. कोणी तो 'सुधारून' दिला, तर साक्षच गेली. जर्मनीतले ते गृहस्थ डाग पडलेली तबकडी मागतात ते याच कारणानं. माझ्या दृष्टीनं ते तऱ्हेवाईक, पण राजवाडे त्यांना नक्की समजून घेते.

पण आपल्या दप्तरांत आणखी एक शहाणपण आहे. त्यात अस्सल कागद असतो तशी नक्कलही असते. नक्कल करणं हा गुन्हा नव्हता. उलट अस्सलाबरहुकूम नक्कल करणारा कारकून कामाचा माणूस. जुन्या कागदांत नकलेवर 'नक्कल' असा शेरा असतो आणि तो असला की ती नक्कलही इतिहासकाराच्या उपयोगी पडते. तिसरा प्रकार बनावट कागदाचा, म्हणजे जी नक्कल स्वतःला अस्सल म्हणवते ती. अस्सल, नक्कल आणि बनावट हे तीन वेगळे शब्द आपण उगाच नाही ठेवले. देवळांचंही तसंच. आपण देवळांचे जीर्णोद्धार करत आलो, पण बहुतेक ठिकाणी दाराशी फरशी बसवून अमुक शके, अमुक मनुष्याने जीर्णोद्धार केला हेही कोरून ठेवलं. त्यामुळे ना देवाला कमीपणा आला, ना दुरुस्त करणाऱ्याला.

म्हणजे 'मुंबई स्पेशल'चा दोष रंगात नाही, वर्णनात आहे. 'तबकडी नव्याने रंगवलेली' एवढे तीन शब्द लिहिले असते तर ते घड्याळ नक्कल म्हणून सुखानं खपलं असतं, आणि मुंबईच्या कारागिराचं नाव चांगल्या अर्थानं जगात गेलं असतं. ते तीन शब्द गाळले म्हणून नकलेचं बनावट झालं. आणि त्या शब्दांबरोबर गाळला गेला तो घड्याळजीच. कारण तबकडी कंपनीची आहे असं सांगायचं, तर ती रंगवणारा माणूस कधी नव्हताच असं सांगावं लागतं.

आता उद्यावर का ढकललं ते सांगते. मला मोह झाला. पैशाचा म्हणाल तर थोडासा, भाच्याच्या हिशेबानं मूळ तबकडी असेल तर किंमत जवळजवळ तिप्पट होती. पण खरा मोह वेगळाच. "हो, मूळचीच आहे, मी लहानपणापासून तशीच बघते आहे," असं मी म्हटलं असतं तर जगात कोणीही मला खोटं ठरवू शकलं नसतं. फोटोत 'स्विस मेड' किंचित कललेलं दिसतं, म्हणून त्या गृहस्थांना शंका आली होती. पण ऐंशीच्या घरात आलेल्या मुलीची आठवण म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता. एकुलता एक साक्षीदार असण्यात ही एक गोम आहे. त्याला खोटं बोलणं फार सोपं असतं. रात्री मला काही झोप लागेना. संपाच्या वर्षीचे अण्णा डोळ्यांपुढे येत राहिले, रिकाम्या मनगटाकडे बघणारे. मी 'मूळची' म्हटलं की तो पावसाळा, ते पंधरा दिवस, आईचं "नवं दिसतंय हो", जिन्याखालचा तो भिंगवाला माणूस, सगळंच पुसलं जाणार होतं.

सकाळी भाच्याला फोन केला. "रंगवलेली आहे रे. १९७४च्या पावसाळ्यानंतर. गिरगावातल्या घड्याळजीकडून."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं गं. पण तुझ्याकडून ऐकायचं होतं."

त्यानं तसं कळवलं. जर्मनीच्या गृहस्थांनी आभार मानले आणि घड्याळ घेतलं नाही. मग भाच्यानं वर्णन बदललं आणि मी मराठीत सांगितलेलं इंग्रजीत करून घातलं. 'हे घड्याळ मुंबईतल्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं १९५४ साली घेतलं. यंत्र मूळचं. तबकडी १९७४ साली पावसानं खराब झाल्यावर मुंबईच्या घड्याळजीनं पुन्हा रंगवली.' चार महिने कोणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात ते गेलं, पहिल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला. पाकीट बंद करायच्या आधी भाच्यानं मला बोलावून घेतलं होतं. मी घड्याळाला चावी दिली, बोटांनी वेढे मोजून, अण्णा द्यायचे तेवढेच. चालू लागलं.

तुमच्याही घरात कुठल्या तरी डबीत असं एखादं घड्याळ असेल. विका किंवा ठेवा, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ते कधी घेतलं, कोणी वापरलं, कधी बिघडलं आणि कोणी नीट केलं, हे आठवणारं माणूस घरात आहे तोवर एका चिठ्ठीवर लिहून त्या डबीत ठेवा. आमच्याकडे पणजोबांच्या घड्याळाबद्दल आता कोणालाच काही सांगता येत नाही.